पसंतीचा क्रम

गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी माझी पुतणी लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे आपण सगळे ज्याला एनडीए म्हणतो त्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज ती भरत होती. नाव, जन्मतारीख, बारावीचे विषय, परीक्षेचे केंद्र हे सगळे तिने कोणालाही न विचारता भरले होते; मात्र भूदल, नौदल, हवाई दल आणि नौदल अकादमी यांचा पसंतीक्रम जिथे द्यायचा असतो, तिथे येऊन ती थांबली होती. एकतीस वर्षे गणवेशात काढलेला काका घरात असताना तिने तो रकाना एकटीने भरावा, अशी माझीही अपेक्षा नव्हती. तिने सरळ विचारले, "काका, तुम्ही पहिलं काय लिहिलं होतं?"

या प्रश्नाचे खरे उत्तर मी छत्तीस वर्षे घरातल्या कोणालाही दिलेले नव्हते. १९८९ साली, अठराव्या वर्षी, मी पहिल्या पसंतीला हवाई दल लिहिले होते, दुसऱ्या पसंतीला नौदल, आणि ज्या भूदलात पुढे माझी सारी उमेदीची वर्षे गेली, ते भूदल त्यांच्याखाली लिहिले होते. ज्याचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, अशा सातारा जिल्ह्यातल्या मुलाने हे लिहिले होते.

आमच्या भागात याचा अर्थ काय होतो, ते थोडे सांगायला हवे. अपशिंगे मिलिटरी हे गाव आमच्यापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर आहे. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावाचे ४६ जवान कामी आले आणि तेव्हापासून गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला. आमच्या गावाला असे नाव मिळाले नाही, पण रीत तीच होती. मिलिटरी म्हणजे पायदळ, आणि पायदळ म्हणजे बेळगाव, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र तिथे आहे. १७६८ सालापासूनची परंपरा सांगणाऱ्या त्या रेजिमेंटला वडील कधी रेजिमेंट म्हणत नसत. ते 'पलटण' म्हणत, आणि तो शब्द ते ज्या मायेने उच्चारत, त्या मायेने त्यांनी स्वतःच्या भावकीचाही उल्लेख केलेला मला आठवत नाही. त्यांच्या ट्रंकेत मऊ फडक्यात गुंडाळलेला टोपीचा बिल्ला होता. तो वर्षातून एकदा, दसऱ्याला, बाहेर निघे, आणि त्याला पॉलिश करण्याचे काम माझ्याकडे असे.

मग मी हवाई दल का लिहिले? अकराव्या वर्षी चुलत्यांबरोबर पुण्याला गेलो असताना लोहगावच्या बाजूला, एका बाभळीखाली उभे राहून मी पहिल्यांदा लढाऊ विमान जवळून पाहिले. आवाज आधी कानांत शिरला नाही, छातीत शिरला. त्या दिवसापासून मला विमानात बसायचे होते, आणि त्या इच्छेला दुसरे कोणतेही कारण नव्हते. नौदल दुसऱ्या क्रमांकावर आले, ते केवळ भूदल तिथे यायला नको होते म्हणून. समुद्र मी तोवर पाहिलाही नव्हता. वडिलांच्या वाटेने जायचे नाही, एवढेच त्या क्रमाने सांगितले होते, आणि ते त्यांच्यासमोर बोलण्याचे धैर्य नसल्यामुळे मी पाकीट चिकटवून, पूर्ण बंद करूनच त्यांच्या हाती दिले. साताऱ्याला जाऊन त्यांनी ते स्वतः रजिस्टर पोस्टाने पाठवले.

लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मुलाखतीचे बोलावणे म्हैसूरहून आले. पोस्टमनकडून पाकीट वडिलांनीच सही करून घेतले, मला मिरजेपर्यंत आणून बंगळूरच्या गाडीत बसवले, आणि खिडकीतून एक वाक्य सांगितले, "विचारतील ते खरं सांग."

निवड मंडळाच्या त्या पाच दिवसांबद्दल आज शिकवणीवर्गांमधून खूप बोलले जाते, म्हणून मी लांबण लावत नाही. पहिल्या दिवशीच निम्म्याहून अधिक मुले परत गेली. उरलेल्यांच्या छातीवर क्रमांक बांधले गेले आणि तीच आमची नावे झाली. पडद्यावरच्या धूसर चित्रावरून गोष्ट लिहिणे, पंधरा सेकंदांत एका शब्दावर वाक्य लिहिणे, फळ्या आणि पिंपे घेऊन काल्पनिक नाले ओलांडणे, हे सगळे झाले. माझ्या मनात खोल रुतून बसली ती मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "हवाई दलच का?" मी म्हणालो, "देशाची सेवा करायची आहे." ते म्हणाले, "ती भूदलात होत नाही का?" मी गप्प राहिलो. त्यांनीही उत्तरासाठी घाई केली नाही. त्या शांततेत मला पहिल्यांदा कळले, की मी जे उत्तर घेऊन आलो होतो ते तिन्ही दलांना सारखेच लागू पडते, आणि म्हणूनच ते कोणत्याही एका दलाचे उत्तर नव्हते.

वैमानिक होण्यासाठी तेव्हा एक वेगळी अभियोग्यता चाचणी असे, आणि तिचा नियम कठोर होता: ती आयुष्यात एकदाच देता येते. आता ती संगणकावर होते, पण एकदाचा नियम तसाच आहे. मला एका यंत्रासमोर बसवले गेले. हातात दांडा, पायांखाली पट्ट्या, समोर पडद्यावर भरकटणारा प्रकाशाचा ठिपका. तो चौकटीत धरून ठेवायचा, आणि मधूनच लागणारे दिवे आणि वाजणारे घंटीचे आवाज यांनाही उत्तर द्यायचे. माझा ठिपका चौकटीत फार थोडा वेळ राहिला. संध्याकाळी यादी लागली, तीत माझा क्रमांक नव्हता. सात वर्षे ज्याची वाट पाहिली ते काही मिनिटांत संपले, आणि पुन्हा कधी प्रयत्न करता येणार नाही, हेही त्याच क्षणी कळले. पुढे मंडळाने माझी इतर दलांसाठी शिफारस केली. गुणवत्ता यादीत नौदलाच्या थोड्याशा जागा माझ्या क्रमांकाच्या आधीच भरल्या, आणि जिथे मला जायचे नव्हते त्या भूदलाने मला घेतले.

घरी पेढे वाटले गेले. वडिलांनी गावभर सांगितले, की पोराने मिलिटरीच मागितली होती आणि मिलिटरीच मिळाली. मी ते खोडून काढले नाही.

खडकवासल्याची प्रबोधिनी ज्या विचाराने उभी राहिली, तो विचार मला आजही मोठा वाटतो. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी तिची कोनशिला बसली तेव्हा तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना पहिल्या दिवसापासून एकत्र वाढवायचे, हे ठरलेले होते. त्यामुळे तीन वर्षे माझ्या शेजारच्या खोल्यांत नौदलाचा आणि हवाई दलाचा मुलगा राहत होता; एकाच रांगेत धावणे, एकाच चुकीसाठी एकत्र शिक्षा भोगणे, धरणाच्या पाण्यावर एकाच शिडाच्या नावेत बसणे. रत्नागिरी जिल्ह्यातला, खाडीकाठच्या गावचा एक मुलगा माझा जवळचा मित्र झाला. त्याने पहिली पसंती नौदलाला दिली होती, आणि का दिली ते त्याला नेमके सांगता येत होते: "मला वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही." सतरा-अठराव्या वर्षी स्वतःला इतके ओळखणारी मुले थोडी असतात. बाकीचे आम्ही सगळे गणवेशाचा रंग, कुठल्या तरी नातेवाइकाची बढाई किंवा बाभळीखाली ऐकलेला आवाज, यांच्या भरवशावर आयुष्य ठरवून आलो होतो.

लोकांना वाटते, की एकदा दल ठरले की निवड संपली. भूदलात गेलेल्याची खरी निवड पुढे डेहराडूनला, भारतीय सैन्य अकादमीत होते. पायदळ, रणगाडे, तोफखाना, सफरमैना (म्हणजे लष्करातले इंजिनिअर्स), सिग्नल, रसद, शस्त्रभांडार अशी शाखांची लांब यादी समोर येते आणि पुन्हा एकदा क्रम लिहायचा असतो. महाराष्ट्रातल्या माणसाला ही यादी खरे तर परकी वाटायला नको, कारण यांतल्या कितीतरी शाखांची घरे आपल्याच अंगणात आहेत: तोफखान्याचे शिक्षण देवळालीला, रणगाड्यांचे अहिल्यानगरला, सफरमैनाचे खडकी आणि दापोडीला, पायदळातल्या गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र कामठीला. तरीही आमच्याकडे अजून पायदळ सोडून बाकी सगळे दुय्यम मानले जाते. भूदलाला जनरल बेवूर, वैद्य, नरवणे आणि पांडे देणाऱ्या मराठी घरांनीच हवाई दलाला एअर चीफ मार्शल मुळगावकर आणि नौदलाला अॅडमिरल नाडकर्णी दिले, हे आम्ही विसरतो. जनरल नरवण्यांचे वडील हवाई दलात अधिकारी होते. मुलगा शीख लाइट इन्फंट्रीत गेला आणि पुढे लष्करप्रमुख झाला. घरातला गणवेश बदलल्याने घराणे बुडत नाही.

योग्य शाखेसाठी माणूस किती ओढ लावून घेतो, याचे मला सर्वांत आवडते उदाहरण लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर यांचे आहे. ते मूळचे हैदराबाद संस्थानाच्या पायदळात होते आणि तिथे त्यांचे मन रमत नव्हते. एकदा हातबॉम्बच्या सरावात एका जवानाचा बॉम्ब चुकून खड्ड्यातच पडला. तारापोरांनी उडी घेऊन तो उचलला आणि बाहेर फेकला, तरी तो फुटून त्यांच्या छातीत तुकडे घुसले. संस्थानाचे सेनापती एल एद्रूस यांनी ते पाहिले होते. त्यांनी तारापोरांना बोलावून कौतुक केले, तेव्हा तारापोरांनी बक्षीस मागितले नाही, बढती मागितली नाही. रिसाल्यात, म्हणजे आजच्या रणगाडा दलात, बदली मागितली. १९६५ च्या युद्धात फिल्लोऱ्याच्या आघाडीवर पूना हॉर्सचे नेतृत्व करताना त्याच रणगाडा दलात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीरचक्र मिळाले.

माझी ओढ मात्र वडिलांच्याच एका हकिकतीतून आली, आणि याची कल्पना त्यांना नव्हती. ७१ च्या लढाईची ती गोष्ट ते थोडक्यात सांगत. रात्री सुरुंगांच्या पट्ट्यासमोर पलटण खोळंबली होती. पुढे जायचा हुकूम होता, पण पाय टाकायला जागा नव्हती. तेव्हा मागून सफरमैनाची चार पोरे आली, पोटावर पडून जमिनीत सळई टोचत, मागे पांढरी फीत सोडत ती पुढे सरकली, आणि त्या फितीमधून एकामागे एक अशी सगळी पलटण पार झाली. वडिलांच्या दृष्टीने ही पलटणीची गोष्ट होती. मला लहानपणापासून त्या चार पोरांचे तोंड बघायचे होते.

सफरमैना हा इंग्रजीतल्या 'सॅपर्स अँड मायनर्स' या शब्दांपासून घडलेला शब्द आहे; त्यात सुरुंग लावणारा, काढणारा, पूल बांधणारा, वाट करणारा असा सगळा माणूस येतो. नायक राहून, हवालदार होऊन मग अधिकारी झालेले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे सफरमैनाच्या खडकीतल्या गटाचे, म्हणजे बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडली होती. पहिल्याच दिवशी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान ठार झाले आणि राण्यांसह पाच जखमी झाले. तरीही ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. एका टप्प्यावर तर ते पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत गेले. त्यांना परमवीरचक्र मिळाले, ते शत्रूच्या ठाण्यावर चाल करून जाण्यासाठी नव्हे, दुसऱ्यांना चाल करता यावी म्हणून.

वडिलांच्या रेजिमेंटवर मुलाला हक्क सांगता येतो, अशी लष्करात पद्धत आहे. मी तो हक्क सांगितला नाही. पहिल्या पसंतीला मी इंजिनिअर्स लिहिले आणि या वेळी मला तेच मिळाले. सुट्टीत घरी आल्यावर वडिलांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिले. मग एवढेच विचारले, "पलटण का नाही मागितलीस?" मी त्यांना त्या चार पोरांबद्दल सांगायला हवे होते. मला ते सांगता आले नाही. वडिलांशी असे बोलण्याची सवय आमच्या पिढीला नव्हती. दोन दिवस घरात कोणी त्या विषयावर बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मला एसटीत बसवताना ते म्हणाले, "खडकीला जेवण चांगलं असतं. आणि पोरं आपलीच असत्यात तिथं." बॉम्बे सॅपर्समध्ये मराठा जवानांची संख्या मोठी आहे, हे त्यांनी मधल्या दोन दिवसांत कोणाला तरी विचारून घेतले असावे. १९९४ च्या जूनमध्ये माझ्या खांद्यावर तारे लागले. जुलैमध्ये रामा राघोबा राण्यांचे पुण्यात निधन झाले. मी त्यांना कधी भेटलो नाही, याची रुखरुख आजही आहे.

डिसेंबर २००१ मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झाले आणि पश्चिम सीमेवर मैलोन् मैल सुरुंग पेरले गेले. युद्ध झाले नाही. पुढच्या वर्षी सैन्य मागे घेण्याचा निर्णय झाला आणि पेरलेले सगळे परत काढण्याचे काम आमच्याकडे आले. राजस्थानातल्या त्या पट्ट्यात वाळू सरकते. कागदावर नोंदलेल्या जागी सुरुंग सापडेलच असे नसते. माणूस जायबंदी करणारे छोटे प्लास्टिकचे सुरुंग इतके कमी धातूचे असतात, की शोधयंत्र अनेकदा मुके राहते आणि शेवटी सळईच उपयोगी पडते. मी तेव्हा कॅप्टन होतो. एका सकाळी, नाश्त्यानंतरच्या पहिल्या तासात, माझ्या एका जवानाचा उजवा पाय घोट्यापासून गेला. त्या पट्ट्यात काम सुरू करण्याचा हुकूम माझा होता. त्याच्या खांद्याला धरून साफ केलेल्या वाटेने परत येताना तो मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: "साहेब, फीत हलू देऊ नका." मागे काम करणाऱ्या आपल्या जोडीदारांची वाट चुकू नये, याची त्याला काळजी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पट्ट्यात काम पुन्हा सुरू करायचे होते, आणि पहिली सळई मी टोचली. त्यात शौर्य नव्हते. भूदलात अधिकाऱ्याला दुसरी जागाच नसते. माणसांना पुढे पाठवायचे, तर आपण त्यांच्याबरोबर जमिनीवर असायचे.

यानंतर काही वर्षांनी मला एका हवाई तळावर गॅरिसन इंजिनिअर म्हणून पाठवले गेले. तिन्ही दलांच्या इमारती, पाणी, वीज आणि धावपट्ट्या सांभाळणारी जी लष्करी अभियंता सेवा आहे, तिच्यात सॅपर अधिकाऱ्यांची नेमणूक होते. ज्याला विमान चालवायचे होते तो मी आता विमानाखालचे काँक्रीट सांभाळू लागलो. पहाटे धावपट्टीवरून चालत जाऊन खडा, खिळा, तुटलेला सांधा शोधायचा, कारण इंजिनाने एक खडा ओढून घेतला तरी विमान आणि माणूस दोन्ही जाऊ शकतात. तिथे मला हवाई दलाचे असे काही दिसले, जे बाभळीखालून दिसले नसते. वैमानिक विमानात चढण्याआधी फॉर्म ७०० वर सही करतो. त्यावर इंजिन पाहणाऱ्याची, सांगाडा पाहणाऱ्याची, शस्त्रे पाहणाऱ्याची सही आधीच झालेली असते. लढायला जातो तो अधिकारी, आणि जवान त्याला पाठवून मागे राहतात. एक वयस्क वॉरंट ऑफिसर मी पाहिला, जो गेलेली सगळी विमाने उतरेपर्यंत चहाला हात लावत नसे. भूदलात माणसे अधिकाऱ्याच्या मागे असतात. हवाई दलात अधिकारी त्यांनी घट्ट केलेल्या एकेका बोल्टच्या भरवशावर एकटा वर जातो.

नौदलाचे मर्म मला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका तळावर नेमणूक झाली तेव्हा कळले. खाडीकाठचा तो मित्र तिथे कमांडर होता. त्याच्या जहाजावर जेवताना मी विचारले, की तुमच्याकडे अधिकारी आणि जवान यांचे नाते कसे असते. तो म्हणाला, "तळाला भोक पडलं तर पाणी हुद्दा विचारत नाही." मग बराच वेळ तो आयएनएस खुकरीबद्दल बोलला. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाणतीराने (टॉर्पेडोने) ते जहाज बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्याच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. जहाजावर स्वयंपाकी, यंत्रज्ञ, तोफची आणि कप्तान एकाच लोखंडात राहतात आणि एकाच लोखंडाबरोबर तरतात किंवा बुडतात. तिथे कोणी पुढे नसतो, कोणी मागे नसतो.

पुतणीला मी हे सगळे सांगितले. मुलाखतीतल्या त्या अधिकाऱ्यांचा प्रश्न आज कोणी मला विचारला, तर मी हेच सांगेन, की सेवा तिन्हीकडे आहे. आपल्याला कोणत्या नात्याने माणसांमध्ये उभे राहायचे आहे, आणि गणवेश, संचलन, टाळ्या संपल्यावरचा साधा मंगळवार कसा घालवायचा आहे, यावरून क्रम ठरवावा. दुर्बिणीतून पाहिलेले दल आणि त्यात राहून पाहिलेले दल यांत फार अंतर असते. हवाई दलातही सगळे उडत नाहीत: एनडीएच्या एका तुकडीत हवाई दलाच्या १२० जागा असतात, त्यांपैकी ९२ उड्डाणाच्या आणि बाकीच्या जमिनीवरच्या कामाच्या. जमिनीवरचे काम मिळाले तर त्यातही तुझे मन रमेल का, हा प्रश्न हवाई दल लिहिण्याआधी स्वतःला विचारायचा असतो. मी तो विचारला नव्हता.

बोलता बोलता मला थांबावे लागले, कारण खिडकीबाहेरच्या रस्त्यावरून रोजच्यासारखी पोरे धावत चालली होती. भरतीची तयारी करणारी ही आमच्याच भागातली मुले पहाटे चारला आणि पुन्हा सांजेला धावतात, सोळाशे मीटरचे सेकंद मोजतात. त्यांच्या अर्जातही पर्याय असतात: जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क, ट्रेड्समन, कोणी नौदलाला अर्ज करतो आणि निवड झाली तर ओडिशातल्या चिल्क्याला जातो, कोणी हवाई दलाला करतो आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याला जातो, जिथून त्याच्या आजोबांच्या पलटणीचे केंद्र फार दूर नाही. परंतु त्यांतले बहुतेक जण मिळतील ते सगळे अर्ज भरतात, आणि जिथे दार उघडेल तिथे शिरतात. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनंतर त्यांना आणखी एक हिशोब करावा लागतो, कारण चार वर्षांनंतर चारांतल्या एकालाच पुढे ठेवण्याची त्यात तरतूद आहे. अठराव्या वर्षी पेन्शनसह आयुष्य निवडणारे माझे वडील आणि अठराव्या वर्षी चार वर्षे निवडणारा हा मुलगा, या दोघांच्या निवडीला एकच शब्द लावताना माझी जीभ अडखळते. मला हे मनापासून सलते. जो पसंतीचा क्रम लिहू शकतो, तो भाग्यवान असतो. बाकीच्यांची पसंती कोणी विचारलेली नसते.

पुतणीच्या आजीला किंवा आईला हा रकाना दिसलाच नसता. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना एनडीएची परीक्षा देण्याची मुभा दिली. पुढच्या वर्षी पहिल्या तुकडीत मुलींसाठी १९ जागा होत्या: भूदलात १०, हवाई दलात ६, नौदलात ३. त्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. लढाऊ विमान चालवणाऱ्या पहिल्या तिघी २०१६ साली हवाई दलात आल्या, तोफखान्याची दारे २०२३ मध्ये उघडली. पायदळ आणि रणगाडे मात्र मुलींसाठी अजून बंद आहेत. म्हणजे आजोबांची पलटण तिला मागताही येणार नाही. हे सांगताना मला वाईट वाटले, आणि तिच्या चेहऱ्यावर राग दिसला तेव्हा बरेही वाटले.

मग मी तिला माझा खरा क्रम सांगितला: हवाई दल, नौदल, भूदल. ती हसली नाही. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "आजोबांना माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो, "पाकीट बंद करून दिलं होतं."

"पण काका, मुलाखतीचं बोलावणं म्हैसूरहून आलं होतं ना? ते तर हवाई दलाचं मंडळ. पहिली पसंती हवाई दल असेल तरच तिकडे बोलावतात. पाकीट आजोबांनीच घेतलं ना सही करून?"

मी उत्तर दिले नाही. गावातली भूदल मागणारी पोरे मुलाखतीला भोपाळला जात, अलाहाबादला जात. वडिलांनी त्यांतल्या कितीजणांना स्वतः गाडीत बसवले होते. चोवीस वर्षे पलटणीत काढलेल्या हवालदाराला पाकिटावरचा शिक्का वाचता येत नव्हता, असे मी इतकी वर्षे कसे मानले? मिरजेच्या फलाटावर, खिडकीच्या गजांना धरून, विचारतील ते खरे सांग असे ते म्हणाले होते. त्यानंतर गावभर पेढे वाटताना पोराने मिलिटरीच मागितली होती असे सांगणारेही तेच होते. त्यांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. ट्रंक माझ्याकडे आहे, बिल्लाही आहे. दसऱ्याला मी तो अजून पॉलिश करतो.

पुतणीने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. क्रम भरताना तिने पडदा थोडा तिरका धरला होता, आणि मी मुद्दामच रस्त्याकडे पाहत राहिलो. अर्ज गेल्याचा संदेश आला तेव्हा तिने मान वर केली. तिने काय लिहिले ते मी विचारले नाही. बोलावणे कोणत्या गावाहून येते, यावरून ते आम्हाला कळेलच.